हाडांचे सर आणि एका दिवसाची खुर्ची

मनगटातलं इवलंसं हाड तळहातावर ठेवलं की डोळे मिटून सर सांगायचे, कुठलं, आणि डावं की उजवं. आमच्या मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवणाऱ्या या माणसाला सगळे हाडांचे सरच म्हणत. मी त्यांच्या हाताखाली नवी लागलेली. डिसेक्शनच्या टेबलाशी कुणी धसमुसळेपणा केला की त्यांची कर्जतची बोली बाहेर पडायची, "लई घाई करू नका. मेलेला मानूस कुठं पळून चाललाय?"

पुढे सरांचं बोलणंच आटलं. डबा न उघडता घरी जायचा. एकदा मला म्हणाले, "मॅडम, सकाळी उठावंसं वाटत न्हाई. पोरांसमोर उभं राहिलं की रडू येतं." मानसोपचार विभाग खालच्याच मजल्यावर. पण तिथं गेले असते तर दुपारच्या चहापर्यंत कॉलेजभर बोभाटा झाला असता. म्हणून डॉक्टर असलेला हा माणूस चोरासारखा पुण्याला औषध आणायला जायचा.

रजा मागताना खरं कारण सांगितलं, तर डीन म्हणाले, "तुम्हीच असं केलं तर पोरांनी कुणाकडं बघायचं? योगा करा." शेवटी रजा दिली, सर पुण्याला दवाखान्यात भरती झाले आणि इकडे मेडिकल कौन्सिलचं इन्स्पेक्शन लागलं. इन्स्पेक्शन म्हणजे आमच्याकडे लग्नघर. भिंतींना रंग, खेड्यापाड्यांतून जीपा भरून आणलेले पेशंट, आणि प्रत्येक खुर्चीत एक प्राध्यापक हवाच. डीननी सरांना आणायला थेट दवाखान्यात गाडी पाठवली. "एक दिवस नुसतं बसा, नाहीतर कॉलेजच्या सीटा जातील." हार्ट अटॅक आलेल्या माणसाला आयसीयूतून असं उचलून आणलं असतं का यांनी? अजून डोकं फिरतं माझं.

सर आले. इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. तपासायला आलेल्यांनी माणसं मोजली, समोसे खाल्ले आणि गेले. सरांना जरा बरं वाटावं म्हणून मी त्यांच्या तळहातावर एक हाड ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. अंगठ्यानं हाड उलटंसुलटं चाचपलं. "कळंना ओ मॅडम," म्हणाले. हाड मला परत दिलं, कर्जतला गेले आणि तिथूनच राजीनामा धाडला.

आता गोळ्या चालू आहेत. फोनवर थोडं बोलतात, कधी हसतातही. परवा पुन्हा इन्स्पेक्शन लागलं. सरांची जागा अजून भरलेली नाही. डीननी मला बोलावून घेतलं, "तुमचं ऐकतात ते. एक दिवस आणा की त्यांना."

मी म्हटलं, "मेलेला माणूस पळून जात नाही. आमचे सर जिवंत होते, म्हणून पळाले."