सिमवाला टॅब

पनवेलच्या मोबाइलच्या दुकानात माझ्या शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई टॅब निवडत होत्या. पर्स छातीशी घट्ट धरलेली. दुकानदार म्हणाला, "मावशी, घरी वायफाय आहे ना? मग सिमवाला कशाला?"

"अरे बाबा, लाइट गेली की वायफायही जातं. माझा लेक इस्राएलला असतो. तिथला हल्ल्याचा भोंगा आपली लाइट बघून वाजत नाही."

दुकानदाराने लगेच सिमवाला टॅब काढून पुढे ठेवला हो. लेकाचा एकही व्हिडिओ पुसायला लागू नये म्हणून स्टोरेजही त्यांनी मोठंच घेतलं. वर स्टँडवालं कव्हर मागितलं.

मी म्हटलं, "हातात धरूनच बोला की, जवळ वाटतं."

त्या हळूच म्हणाल्या, "हातात धरला की थरथरतो हो. त्याला कळतं, आई घाबरलीय. मग तो मला खरं सांगत नाही."