हरेश्वरदादाची दोन बोटं

ऑफिसात जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि फोन वाजला. कळंबच्या निर्मलावहिनींचा. "भावजी, हे गेले," एवढंच बोलल्या. सकाळी ओट्यावर बसल्या बसल्याच गेले म्हणे. मी डबा पुन्हा बंद केला. तेव्हा मनात पहिला विचार आला तो लिहायला लाज वाटते... आता ती गोष्ट वहिनींना कोण सांगणार? हरेश्वरदादा होता तोवर ती आम्हा दोघांत वाटलेली होती, आता माझ्या एकट्याच्या डोक्यावर आली. याला सहा आठवडे झाले. नोकरीचा, जाण्यायेण्याचा शीण झोपलं की उतरतो. हा उतरत नाही.

नालासोपाऱ्याला फ्लॅट घेऊन आलो तेव्हा मोटरसायकल ही माझी एकच चैन होती. कळंबच्या रस्त्यावर एकदा तिची चेन तुटली आणि जाळं सांधत बसलेला एक माणूस उठून आला. "साहेब, गाडीला तेलपानी करता, का नुस्ती पळवता?" हा हरेश्वरदादा. होडीवर जाणारा, पण स्वतःची जुनी मोटरसायकल स्वतःच खोलून पुन्हा जोडणारा. पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं, 'साहेब' मात्र चेष्टेने तसंच राहिलं. दर रविवारी मी गाडीसकट त्याच्या अंगणात. बायको म्हणायची, तुमचं माहेर कळंबला आहे.

गाडी उचलायची त्याची पद्धत होडीवरून आलेली. अंगण रेताड, म्हणून आधी जाड फळी टाकायची, तिच्यावर गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, मग इंजिनाखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी करायचं. इथवर सगळेच करतात. दादा तेवढ्यावर कुणाला हात लावू द्यायचा नाही. "जॅक उचलायला, लाकूड पेलायला," म्हणायचा. किनाऱ्यावर होडी दुरुस्तीला ओढली की तिच्या पोटाखाली ओंडके देतात. ओंडका देणारा तो हलवून बघतो आणि मोठ्याने "लागला!" म्हणतो. ते ऐकल्याशिवाय कुणी खाली शिरत नाही. आमच्याकडेही तेच. ओंडका मी द्यायचा, आवाज मी द्यायचा, मगच दादा हात घालणार. स्वतः वाकून मात्र तो कधी बघायचा नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "बघायचाच तर आवाज कशाला द्यायचा? मानसावर भरोसा नाय, तर त्याच्यासंगती होडीत बसायचाच कशाला?"

आठ वर्षांपूर्वीचा एक रविवार. पुढचं चाक काढायचं होतं. ओंडका माझ्या पायाशी आणि कानाला ऑफिसचा फोन. कसल्याशा फाइलवरून वरिष्ठ तडकले होते. दादाने विचारलं, "लागला?" मी फोनवर हात दाबून म्हणालो, "लागला"... आणि जॅक कलला. दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गाडी आणि फळीच्या मध्ये आली. तो ओरडलासुद्धा नाही. फक्त माझ्या पायाशी पडलेल्या ओंडक्याकडे त्याने बघितलं.

दवाखान्यात वहिनी पोचायच्या आधी मला म्हणाला, "मी घाई केली. आवाज यायच्या आधीच हात घातला. हाच सांगायचा." मी नाही-नाही म्हणत होतो, पण खरं सांगतो, आतून सुटल्यासारखं वाटलं. "खरा सांगितलास तर गावात तुला कोन उभा करनार नाय," तो म्हणाला. "मग रविवारचा मी बोलू कोनाशी?"

बोटं राहिली, पण वाकेनात. दोर धरता येईना, ब्रेक दाबता येईना. होडीवरचा माणूस पर्यटकांच्या कॉटेजची राखण करू लागला. गावाने त्याला उतावळा ठरवून टाकलं. किनाऱ्यावर कुणीतरी हटकायचं, "काय दादा, लागला का?" तो हसायचा. वहिनी हसायच्या नाहीत. ताट वाढताना रोज टोचायच्या, "स्वतःच्या घाईनं होडी घालवलीत." दादा खाली मान घालून डाव्या हाताने जेवायचा, आणि रविवारी समोर बसून तेच कालवण मीही ओरपायचो. आठ वर्षं.

परवाच्या रविवारी गेलो. वहिनींनी चहा आणून माझ्यासमोर ठेवला... कपाचा कान डावीकडे. दादासाठी हाताला लागलेली सवय, दुसरं काय. मला तो कप फिरवता आला नाही. सगळं सांगून टाकलं.

वाटलं होतं, रडतील किंवा हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "म्हंजे रोज जेवताना मी त्यांना उगाच बोलले?"

मी मान हलवली.

"आनि तुम्ही ऐकत होता."

"हो."

"आता मी कोनाची माफी मागू, भावजी?"

मला माफ करा, एवढं कसंबसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "ते मागनं बघू. करीन, नाय तर नायपन करनार. आधी गावाला सांगा. आनि तोंडी नको, तोंडी तुम्ही सारवासारव कराल. छापून आना. येईल त्याला मी वाचून दाखवीन."

म्हणून हे लिहिलं. कळंबकरांनो, हरेश्वरदादाने घाई केली नव्हती. त्याने विचारलं होतं, तो थांबला होता, माझा आवाज ऐकला होता आणि मगच त्याने हात घातला होता. ओंडका माझ्या पायाशी होता.