नव्या ब्रेकच्या फेऱ्या

लॉकडाऊनमध्ये डीलरने ब्रेक पॅड बदलायचे गेल्या वेळेच्या दुप्पट पैसे सांगितले, तेव्हा मी चिडून क्रेगीबर्न उपनगरातल्या आमच्या घरीच एक मेकॅनिक बोलावला. पिकल्या दाढीचा, मास्कआडून गुणगुणणारा माणूस. नवे पॅड रुळावेत म्हणून तो आमच्या छोट्याशा गल्लीत गाडी फिरवू लागला. प्रत्येक घरासमोर हलकेच ब्रेक दाबायचा आणि खिडकीतल्या कंटाळलेल्या पोरांना हात करायचा. पोरं खूश. पण फेऱ्या काही संपेनात.

तो थांबल्यावर मी विचारलं, “ब्रेक नीट लागत नव्हते का?”

किल्ली बॉनेटवर ठेवून तो दोन पावलं मागे सरला.

“ब्रेक मघाशीच झाले, मेट. त्या टोकाच्या घरातल्या आजीबाई पडदा जरासा सरकवून बघत होत्या. आता कुठे त्यांनी हात हलवला.”