उलटा हात

मौद्याच्या रस्त्यावर आमचा वजनकाटा आहे. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरची आणि प्रिंटरची केबल बिघडली, की पावतीवर वजनाच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. मग केबल दुरुस्त करणारा येतो. रबरी चप्पल काही काढत नाही, अन् कशालाही आधी उलटा हात लावतो, आपण लेकराचा ताप पाहतो ना, तसा.

"काहून गा, ताप आहे का त्याले?" मी चिडवायची.

"करंट असला तं सरळ हात चिकटते, काकू. उलटा सुटते."

परवा तो केबल तपासत होता. मी नुकतीच फरशी पुसलेली, अनवाणीच ओलं फडकं घेऊन प्रिंटरकडे वळले. प्रिंटरला लावलेला त्याचा उलटा हात झटक्यानं मागे आला. एवढा बडबड्या माणूस, पण अगदी हळू म्हणाला, "काकू, हालू नका जागच्या." मग त्यानं मेन स्विच बंद केला. अर्थिंगची तार तुटून प्रिंटरच्या पत्र्यात करंट उतरला होता.

तार जोडून, वीज सुरू करून तो म्हणाला, "पुसा आता."

माझा हात काही उचलेना. तेव्हा त्यानंच पत्र्यावर सरळ तळहात टेकवला. टेकवताना त्यानं डोळे घट्ट मिटले होते.