एका कॅनेडियन सेंटसाठी ग्लासगोला

ग्लासगोला जायचं नक्की झालं तेव्हा अण्णा खुशीत बॅग भरायला लागले आणि मी मात्र धास्तावले. अण्णा म्हणजे माझे सासरे, निवृत्त डॉक्टर, आमच्याकडे लंडनजवळ रीडिंगला राहतात. तरुणपणी ग्लासगोच्या हॉस्पिटलात असताना त्यांनी जुन्या बाजारातून कॅनडाची मूठभर तांब्याची नाणी घेतली होती. त्यातल्या व्हिक्टोरिया राणीच्या एका सेंटवर अक्षरं दुहेरी उमटलेली आहेत. ती खरंच साच्यातूनच तशी आली का, एवढं त्यांना जाणकाराच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांच्या नजरेच्या मधोमध आता काळपट डाग आहे, भिंगातून बारीक काही दिसत नाही. "अजून कडेकडेचं दिसतंय तोवर जाऊन येऊ," म्हणाले.

माझी धास्ती वेगळीच होती. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी मी घरातली सगळी नाणी ताटात मांडली, त्यांच्या डबीतलीसुद्धा. आणि पूजेची भांडी घासतो तशी चिंच-मीठ लावून लख्ख घासली! जुनं नाणं नुसतं धुवायचंही नसतं, त्याचा तपकिरी रंगच जपायचा असतो, हे मी नंतर वाचलं. अण्णांना सांगायचा धीर काही झाला नाही.

रीडिंगहून लंडनचं पॅडिंग्टन, तिथून ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, यूस्टन आणि पुढे थेट ग्लासगो सेंट्रल, साधारण साडेचार तास. तिकिटं आधीच काढा. अण्णांना सीनिअर रेलकार्डवर एक तृतीयांश सूट मिळाली. टेबलाची सीट घ्या, डबा उघडायला बरं पडतं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं नेलं होतं.

"मृणाल, ऐक," अण्णा पुरी मोडत म्हणाले. "नाणं पाडताना साचा हलला की पायरीसारखी सपाट कड पडते आणि मूळ अक्षर बारीक होतं. ती खोटी दुहेरी छाप. खरी साच्यातच असते; तीत अक्षराचं टोक दुभंगतं, दोन्ही भाग गोलसर आणि उठावदार. आलं लक्षात?"

"हो."

"खात का नाहीस?"

"ट्रेनमध्ये मला जरा सिक वाटतं, अण्णा."

साफ खोटं. लँकेस्टरनंतर डोंगर सुरू होतात, खिडकी सोडू नका म्हणतात. मी सारा वेळ अण्णांच्या नाणं ठेवलेल्या खिशाकडे बघत होते.

नाण्यांचं प्रदर्शन एका चर्चच्या हॉलमध्ये होतं. प्रवेश दोन पाउंड, चहा आणि शॉर्टब्रेडची बिस्किटं वेगळी. अण्णांशी ईमेलवर ओळख झालेले ग्रेगर, निवृत्त शाळामास्तर आणि नाण्यांचे जाणकार, कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. त्यांनी सेंट कडेने धरला, दिव्याखाली तिरका केला आणि भुवया चढवल्या.

"हे कुणीतरी घासलंय. नाणी जमवणारा आता याला हात लावणार नाही."

माझे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"असू द्या. अक्षरांचं सांगा," अण्णा शांतपणे म्हणाले.

ग्रेगरनी नाणं स्क्रीन जोडलेल्या मायक्रोस्कोपखाली ठेवलं. स्क्रीनवर अक्षर थाळीएवढं झालं. ते एकेक अक्षर तपासत गेले. मी अण्णांचा हात धरला.

"टोकं दुभंगलीत. हे साच्यातलंच आहे, डॉक्टर. घासून ते जात नाही."

अण्णांनी मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने स्क्रीनकडे पाहिलं. "दिसलं," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही.

एक रात्र साध्या हॉटेलात काढून आम्ही परतलो. येताना आता सांगू, प्रेस्टन स्टेशनला सांगू, असं करत रीडिंग आलं.

घरी आल्यावर अण्णांनी नाणं ठेवायचं कागदी पाकीट पुढे केलं. "नोंद तू लिही, मला ओळ दिसत नाही. लिही: साच्यातली दुहेरी छाप, खरी."

लिहिलं.

"खाली लिही: घासलेलं." मग म्हणाले, "चिंच की लिंबू?"

पेन जागच्या जागी थांबलं. "अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"डबीतल्या कापसाला दिवाळीपासून आंबट वास येतोय. तू आपणहून सांगशील म्हणून थांबलो होतो."

ग्लासगो छान आहे, जरूर जा. पण घरच्या माणसाला सांगायचं राहिलं असेल तर ते निघण्याआधी सांगून टाका. मला त्या वाटेवरचे डोंगर आठवतच नाहीत.

"चिंच," मी म्हणाले.

"मग तसं लिही. आणि पुढे तुझं नाव. अक्षर मोठं काढ, मला कडेने वाचायचंय."