सोमाजीभाऊंचा नियम

आमच्या वसाहतीत नियमांवर जीव असलेला एकच माणूस होता, सोमाजी चहांदे. त्यांच्या एका चांगल्या नियमाची आम्ही काय वाट लावली, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी गुणवंतराव, नागभीडच्या शाळेतला गुरुजी आणि त्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव. सचिव म्हणवून घ्यायला मला तेव्हा फार आवडायचं. सोमाजीभाऊ आता बदली होऊन एटापल्लीला गेलेत. तिथल्या लोकांनाही ते आमच्या वसाहतीचं कौतुक सांगतात असं ऐकतो, आणि मला जेवण गोड लागत नाही.

स्टेशनच्या मागच्या पडीक जागेवर आम्ही पंधरा नोकरदारांनी मिळून घरं बांधली होती. कुणी मास्तर, कुणी पाटबंधारे खात्यातले. सोमाजीभाऊ पोस्टात कारकून होते. शिडशिडीत अंगाचे, सायकलला रोज फडकं मारणारे, सहीखाली तारीख नसेल तर कागद परत करणारे. या माणसाने लग्नात बायकोकडूनही पोचपावती घेतली असेल, अशी आम्ही टिंगल करायचो. ते हसून म्हणायचे, "घेतली न, अजून जपून ठेवली हाये."

पंधरात बौद्धांचं घर त्यांचं एकट्याचं. पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यात ते वाढले. वडिलांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, पण गावच्या विहिरीत काही फरक पडला नाही. त्यांची आई विहिरीपासून लांब भांडं ठेवून बसायची आणि कुणाला दया आली की तो वरून पाणी ओतायचा. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, घराचा पाया खणत होते तेव्हा. "गुणवंतभाऊ, हा प्लॉट मी काऊन घेतला माहीत हाये? इथी सर्वांची टाकी एकच हाये. मायी पोरगी पाण्यासाठी कोणाचं तोंड पाहत बसणार नाई."

टाकी सिमेंटची होती, खाली चार तोट्या. सकाळी सगळ्या बायका तिथे भांडायच्या आणि चहांदेबाईही बरोबरीने भांडायच्या. आमच्याकडे भेदभाव नाही, असं आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचो. खरं तर तोटी सोडून ज्याचं तो भरून नेत होता, म्हणून प्रश्न उठतच नव्हता. एवढी साधी गोष्ट मला, चार बुकं शिकलेल्या माणसाला, फार उशिरा कळली.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात पोरांनी दगड मारून दोन तोट्या फोडल्या आणि भरलेली टाकी वाहून गेली. भर मे महिन्यात. संध्याकाळी माझ्या अंगणात बैठक बसली. पाटबंधारे खात्यातल्या लहानूभाऊंचा आवाज सगळ्यात मोठा. जो सापडेल त्याला चांगला बडवून काढा म्हणाले. दुसरे म्हणाले, बापाकडून दंड घ्या. तेव्हा सोमाजीभाऊ उभे राहिले.

"मारलं तं पोरगं मारनंच शिकते. दंड बाप भरते, त्यात पोराले काय समजते? ज्यानं सर्वांचं पाणी सांडवलं त्यानं सर्वांच्या घरी पाणी न्यावं. आठ दिवस. रोज घरोघरी एक एक लहान बालटी, अन् ती माठात वतून यायची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इतिवृत्तात ठराव लिहिला, सोमाजीभाऊंनी तारीख तपासली. गंमत म्हणजे पहिला सापडला तो लहानूभाऊंचाच मुलगा चैतू. आठ दिवस तो आपलं घर सोडून चौदा घरी फिरला. थेट स्वयंपाकघरात जाऊन माठ भरायचा. माझ्या आईने त्याच्या हातावर लाडू ठेवला. सोमाजीभाऊंच्या घरीही त्याने माठ भरला, आणि त्या आठवड्यात ते जरा जास्तच पाणी प्यायले असं त्यांची बायको सांगायची. पुढे वर्षभर टाकीला कुणी हात लावला नाही.

मग गुलाबची पाळी आली. सोमाजीभाऊंची मुलगी, अकरा वर्षांची, माझ्याच वर्गात. टाकीवर झुकलेल्या फांदीवरच्या कैरीला तिने दगड मारला आणि तो बसून तोटी फुटली. कुणी पाहिलं नव्हतं. तिने स्वतः घरी जाऊन सांगितलं, आणि सोमाजीभाऊ तिचा हात धरून माझ्याकडे आले.

"लिहा," ते म्हणाले. "नियम सर्वांले सारखा."

पुढे काय होणार ते मला तेव्हाच दिसलं. मी म्हणालो, "लहान आहे हो पोरगी."

"मंग चैतू काय म्हातारा होता?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अभिमान होता. आपल्या लेकीने खरं सांगितलं आणि आता ती चैतूसारखीच सगळ्यांच्या घरात जाणार, एवढंच त्या माणसाला दिसत होतं. मी लिहिलं.

पहिल्या दिवशी गुलाब बादली घेऊन आली तर माझी आई दारात आडवी उभी राहिली. "इथीच ठेव माय, ओट्यावर. मी नेईन आत."

"माठात वतायचं हाये, आजी. तसा नियम हाये."

"ठेव म्हनलं न."

तिने ठेवली. बादली परत न्यायची म्हणून ती फाटकाशी थांबली, आणि तिच्या देखत आईने ते पाणी पपईच्या बुडाशी ओतलं. गुलाबने आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओट्यावर बसून पेपर वाचत होतो. मी पेपर जरा वर धरला.

बाकी घरांतही तेच चाललं होतं. कुणाचा माठ नेमका भरलेला असायचा, कुणी त्या पाण्याने अंगण शिंपायचं. एखाद्या घराने घेतलंही असेल. मी चौकशी केली नाही, कारण चौकशी केली तर पहिलं उत्तर माझ्याच घरातून आलं असतं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गुलाब वर्गात मागे राहिली. "गुरुजी, बाबाले नका सांगजा."

"काय?" मी वेड पांघरलं.

"पाणी कोनी आत घेत नाई ते. बाबा रोज इचारतात, आज कोनाकोनाचे माठ भरले म्हून. मी सर्वांचे सांगतो. त्याइले लय बरं वाटते."

मी म्हणालो, "बरं." अकरा वर्षांची पोर बापाला जपत होती, आणि तिच्या गुरुजीला सुचलं ते एवढंच. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्याच संध्याकाळी मी सोमाजीभाऊंकडे गेलो. म्हटलं, तीन दिवस झाले, उरलेली शिक्षा माफ करू. ते चक्क चिडले. "चैतूले माफी नाई, मंग मायाच पोरीले काऊन? लोक म्हनतीन, सोमाजीनं आपल्या पोरीसाठी नियम वाकवला." खरं कारण माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते चहाबरोबर गिळलं.

आता कुणी म्हणेल, आई जुन्या वळणाची, तिला काय बोलणार. मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण पाचव्या दिवशी आई मामाकडे सिंदेवाहीला गेली होती. गुलाब पायरीवर उभी राहिली आणि आत बघू लागली. माझी बायको कांता माझ्याकडे बघू लागली. "ये आत, ओत माठात," एवढंच म्हणायचं होतं. आई आल्यावर माठ घासायला काढेल, घरात महाभारत होईल, चार दिवस अबोला, हे सगळं माझ्या डोक्यात फिरलं. मी म्हणालो, "ठेव ओट्यावर." मग ते पाणी मी माझ्या हाताने पपईला घातलं. आईचं नाव सांगायची सोय तिथे संपली.

आठव्या दिवशी रविवार होता. माझं घर शेवटचं. गुलाब बादली ठेवून गेली, आईने ती मागे नेऊन रिकामी केली, आणि थोड्या वेळात सोमाजीभाऊ धुतलेला सदरा घालून मुलीला घेऊन आले. शिक्षा पुरी झाली, इतिवृत्तात नोंद हवी होती. ओट्यावर बसले. घाम पुसला.

"गुणवंतभाऊ, एक पेला पानी पाजा. मायी पोरगी आनते ते पानी चौदा घरच्यांनी पेलं, अन् मायंच घर राह्यलं. आजचं, हिनं आनलेलं पाजा."

मी आत गेलो. बादली मागच्या दाराशी पालथी पडली होती. आई माझ्याकडे बघत नव्हती. मी आमच्या माठातून पेला भरला आणि बाहेर नेऊन त्यांच्या हातात दिला. सोमाजीभाऊंनी एका दमात पेला संपवला.

"लय थंड हाये. पाह्य गुलाब, तूच आनलं न हे?"

गुलाबने पेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "हो बाबा," ती म्हणाली.

मी नोंद लिहिली: शिक्षा पूर्ण, चौदाही घरांच्या माठात पाणी पोचले. खाली सही केली, तारीख घातली. सोमाजीभाऊंनी दोनदा वाचून पाहिलं आणि समाधानाने उठले. ते फाटकाबाहेर सायकल काढेपर्यंत गुलाब बादलीसाठी थांबली होती. मी ती आणून तिच्या हातात दिली. तिने माझ्यावर राग काढला असता, रडली असती, थुंकली असती तरी मी समजू शकलो असतो.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "तुमी पेला भरून देल्ला, लय बरं केलं." माझे आभार मानून ती बापाच्या मागे गेली.