पूवन केळीची तेहतीस गुणसूत्रे

वेंकटरावांची आणि माझी पहिली भेट तंजावूरच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. सूक्ष्मदर्शकातून दिसेल ते कागदावर उतरवणारी चित्रकार म्हणून मी हंगामी नेमणुकीवर आले होते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला फुलदाण्या काढायला शिकवले होते. वेंकटरावांनी कांद्याच्या मुळाचे टोक पुढे ठेवले. म्हणाले, "यातली गुणसूत्रं मोजा. किती असतात ते मी सांगणार नाही." मी सोळा म्हटल्यावर ते एवढेच बोलले, "माझीही सोळाच भरली होती."

ही त्यांची रीत. दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि मोजून होईपर्यंत आकडा एकमेकांना सांगायचा नाही. प्रत्येक जिवाचा आकडा निराळा. कांद्यात सोळा, भातात चोवीस. माणसात अठ्ठेचाळीस असतात ना, असे एका विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पुस्तकं तसं म्हणतात. मी मोजलेली नाहीत." सेहेचाळीस हा खरा आकडा पुष्कळ पुढे निघाला.

साठीच्या गौरव समितीने मला त्यांच्या साधेपणावर लिहायला सांगितले आहे. साधेपणावर बाकीचे लिहितीलच. मी केळीवर लिहिते.

तिरुवैयारूच्या मळ्यातून आम्ही पूवन जातीच्या केळीची मुळे आणली होती. माझ्या मोजणीत तेहतीस भरली. वेंकटराव तेव्हा तिथे नव्हते. विभागाचे मुख्य सर्वांसमोर हसले. "गुणसूत्रं जोडीनं असतात, अम्मा! अर्धी आईची, अर्धी बापाची. या केळीच्या बापानं एक वाटेत सांडलं की काय?" मग हसू आवरून म्हणाले, "अहवाल सोमवारी मद्रासला जायचा आहे. बत्तीस करा. नाहीतर जिला मोजता येतं अशी बाई मी शोधतो."

घरी वडील अंथरुणाला खिळलेले आणि मिळवती मी एकटी. मी एक गुणसूत्र खोडले.

वेंकटरावांनी चित्र खिडकीपाशी नेऊन पाहिले. "अक्का, इथं रबर फिरलं आहे."

"डाग होता."

"डागाला इतकं सुबक टोक काढलं होतंत?"

मी सगळे सांगून टाकले. ते रागावले नाहीत. "बसा," म्हणाले, "मी अजून मोजलेली नाहीत." दुपारभर त्यांनी सात पेशी तपासल्या. मी शेजारी स्टुलावर बसून होते. अखेरीस त्यांनी मान वर केली. "तेहतीस. सातही पेशींत." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "बी असलेल्या डोंगरी केळीत बावीस भरली होती. म्हणजे अकरांचे दोन संच. इथं तीन आहेत. तिघांच्या जोड्या लागणार कशा? म्हणूनच पूवनमध्ये बी धरत नाही."

सोमवारी त्यांनी चित्राखाली सही केली आणि ते मुख्यांपुढे ठेवले. "मोजणी माझीही आहे. यांना काढायचं तर आधी मला काढा."

"वेंकटराव, तुमची बढती तोंडावर आली आहे."

"असेल. केळीला ते ठाऊक नाही."

बढती दुसऱ्याला मिळाली. पुढे मद्रासच्या लोकांनी स्वतः मोजले, तेहतीसच भरली, आणि माझी नोकरी कायम झाली. वडिलांच्या औषधपाण्यात शेवटपर्यंत खंड पडला नाही. या मोजणीवरचा शोधनिबंध छापून आला तो मात्र मुख्यांच्या नावाने! या गोष्टीचा मला अजून संताप येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. वेंकटरावांनी पाने उलटून पाहिली. "आकडा बरोबर छापलाय," म्हणाले, आणि खरोखर समाधानाने कामाला लागले. चित्राखाली बारीक अक्षरांत माझे नाव होते. त्यासाठी त्यांनी मुख्यांशी दोनदा भांडण केले, हे मला पुष्कळ वर्षांनी दुसऱ्याकडून कळले.

आज वेंकटराव साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, शरीर निरोगी राहो, आयुष्य दीर्घ होवो; आणि भीतीपोटी खोटे लिहायला निघालेल्या माणसांना ते असेच वेळेवर भेटत राहोत.